मरळची हाक कुठं अडली?

मरळ पाण्यात होती, यात शंका नव्हती. तिची बॅटरी संध्याकाळी पाचपर्यंत टिकणार, हेही सगळ्यांना माहीत होतं. संपर्क तुटला की जागच्या जागी थांबायचं आणि दर पाच सेकंदांनी ‘टुक’ असा आवाज करत राहायचं, असं तिला शिकवलेलं होतं. तो ‘टुक’ पाण्यातून अर्धा किलोमीटर सहज ऐकू जायचा. मग दुपारचा एक वाजत आला तरी तो कुणालाच का ऐकू येत नव्हता?

मरळ म्हणजे खरा मासा नव्हे. ती होती हातभर लांबीची, काळपट हिरव्या रंगाची पाण्याखालची यंत्रमासोळी. सह्याद्रीच्या पायथ्याशी, पांगरखोरे जलाशयाच्या काठावर हेमामावशीचं जलविहार केंद्र होतं. उन्हावर चालणाऱ्या होड्या, काठावरच्या करंजांखाली तंबू, आणि पोहण्यासाठी दोर लावून आखलेला पाण्याचा एक मोठा चौकोन. लोक त्या चौकोनात पोहत असले, की मरळ त्यांच्याखालून गस्त घालायची. कुणी दमलं, हातपाय झाडू लागलं, की ती खालून यायची, पाठीवरची हवेची उशी फुगवायची आणि त्या माणसाला अलगद वर उचलायची. हेमामावशी आणि गावातल्या चौघीजणींनी तीन वर्षं खपून तिला घडवलं होतं.

आणि उद्या रविवारी तालुक्यातली चाळीस मुलं पहिल्यांदाच मोकळ्या पाण्यात पोहायला येणार होती. मरळ नसेल तर पोहणं बंद, हा मावशीचा नियम होता. त्यात सूट नव्हती.

शाल्मली धक्क्याच्या पायरीवर पाय सोडून बसली होती. ती बारा वर्षांची. एप्रिलच्या सुट्टीत ती आजोबांबरोबर मावशीकडे आली होती. समोर पानावर करवंदं ठेवलेली होती, पण तिनं एकालाही हात लावला नव्हता.

सकाळी मावशीनं तिच्या हातात मरळचा नियंत्रक दिला होता. “घे, फिरव तासभर. पण आठ मीटरच्या खाली न्यायची नाही. त्याखाली मी तिला अजून तपासलेली नाही.”

पहिला अर्धा तास सगळं छान चाललं. नियंत्रकाच्या पडद्यावर खोली, तापमान आणि समोरचं अंधूक चित्र दिसत होतं. मग कटला माशांचा एक थवा आला. चांगले परातीएवढे मासे! ते खाली वळले, तशी शाल्मलीनंही मरळ खाली वळवली. दहा मीटर. बारा. चौदा. ‘अजून थोडंसंच,’ असं ती मनाशी म्हणत राहिली. सतरा मीटरवर मासे दिसेनासे झाले, आणि पाठोपाठ पडदाही काळा झाला.

मावशी धावत आली तेव्हा शाल्मलीच्या तोंडून निघून गेलं, “मी काही नाही केलं. चार-पाच मीटरवरच होती. आपोआप बंद पडली.”

मावशीनं तिच्यावर विश्वास ठेवला. तिनं जलध्वनिग्राहक (पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र) आणला. केंद्रावर सगळे त्याला ‘पाणकान’ म्हणत. तो मरळचा आवाज ऐकायचा आणि तिला आज्ञाही पाठवायचा, कारण रेडिओलहरी पाण्यात फार दूर जात नाहीत. पाण्याखाली बोलायचं, तर ते आवाजातूनच; नियंत्रकही मरळशी तसाच बोलायचा. मावशीनं धक्क्यावरून पाणकान मीटरभर खोल सोडला. काही नाही. होडी काढून जलाशयात तीन ठिकाणी थांबून ऐकलं. काही नाही.

“पाचच मीटरवर असती, तर एवढ्यात ऐकू आली असती,” परत आल्यावर मावशी म्हणाली. “तिचा आवाजच गेलेला दिसतोय. आता कुठं शोधणार? दोन किलोमीटरचं पाणी आहे.” ती उद्याच्या मुलांच्या शाळांना फोन करायला आत गेली.

शाल्मलीच्या शेजारी आजोबा येऊन बसले. त्यांनी तीस वर्षं समुद्राखालच्या आवाजांचा अभ्यास केला होता. आता मात्र त्यांना स्वतःलाच कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्याशी बोलताना सगळ्यांनाच आवाज चढवावा लागे.

“करवंदं आंबट आहेत का गं?”

“नाही.”

“काय?”

“नाही म्हटलं! आजोबा…” शाल्मलीनं आजूबाजूला पाहिलं आणि ती त्यांच्या कानाजवळ सरकली. “मी खोटं बोलले. मी तिला सतरा मीटरवर नेली होती.”

आता आजोबा रागावतील, असं तिला वाटलं. पण त्यांच्या भुवया वर गेल्या आणि ते ताठ बसले.

“सतरा? नक्की? आणि तापमान? पडद्यावर तापमान किती होतं, आठवतंय?”

शाल्मलीनं डोळे मिटले. “वर एकोणतीस होतं. बराच वेळ एकोणतीसच होतं. मग आठ-नऊ मीटरच्या खाली भराभर उतरायला लागलं. शेवटी बावीस.”

“म्हणजे मरळ मुकी झालेलीच नाही!” आजोबा एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की धक्क्यावरचे दोन बगळे उडाले. “ती हाका मारतेय. हाक वाटेतच अडतेय. चल, हेमाला सांगू. म्हणजे सांगायचं तू. मी नाही.”

ते सांगणं फार अवघड गेलं. मावशीनं फोन खाली ठेवला आणि शाल्मली बोलत असताना ती एकदाही मध्ये बोलली नाही. शाल्मलीला वाटलं, यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तीन तास,” शेवटी मावशी म्हणाली. “तीन तास मी चुकीचा विचार करत बसले, कारण मला चुकीचा आकडा मिळाला होता.”

“सॉरी, मावशी.”

“ते नंतर बघू. बाबा, हाक अडतेय म्हणजे काय?”

आजोबा तोवर तंबूचा एक लांब बांबू घेऊन काठाकडे निघाले होते. “इकडे या दोघी. हा धरा.”

“बाबा, बॅटरी संपत आलीय आणि तुम्ही बांबू काय धरायला सांगताय!”

“पाच मिनिटं दे. मग तास वाचेल.”

काठाशी पाण्याला लागून चिखलाचा रुंद पट्टा होता आणि त्याच्या वर टणक, कोरडी जमीन. आजोबांनी तिघांना चिखलात एका ओळीत उभं केलं. पाण्याच्या बाजूला शाल्मली, मधे ते स्वतः आणि जमिनीच्या बाजूला मावशी. तिघांच्या हातात तो एकच आडवा बांबू.

“आता काठाकाठानं चालायचं, पण थोडं तिरपं, जमिनीकडे. चिखलात पाय रुततात, तेव्हा हळू. टणक जमीन लागली की झपझप. बांबू कुणी सोडायचा नाही. चला!”

पचक, पचक करत तिघं निघाले. थोड्या वेळानं मावशीचे पाय कोरड्या जमिनीला लागले आणि ती भरभर चालू लागली. शाल्मली अजून चिखलातच होती. बांबूचं मावशीकडचं टोक पुढं गेलं, बांबू फिरला, त्याच्याबरोबर तिघंही फिरले, आणि निघाले होते जमिनीकडे ते चालू लागले पाण्याकडे! शाल्मलीचा एक पाय पाण्यात गेला. आजोबा तिच्यावर कोलमडता कोलमडता राहिले. इतका वेळ गंभीर असलेल्या मावशीलाही हसू आवरेना.

“बघितलंत?” आजोबा धापा टाकत म्हणाले. “कुणी वळायचं ठरवलं होतं का? नाही. एक टोक जलद आणि एक टोक हळू, एवढ्यानंच आपण वळलो. वेग बदलल्यामुळे वाट वळते, याला अपवर्तन म्हणतात. आता मला सांग शालू, पाण्यात वर गरम आणि खाली गार, असं का असतं?”

“ऊन वरच्या पाण्याला तापवतं म्हणून?”

“बरोबर. आणि गरम पाणी हलकं असतं, म्हणून ते वरच तरंगत राहतं. वारा ते ढवळतो, पण त्याचं बळ आठ-नऊ मीटरपर्यंतच पुरतं. त्याखाली गार, जड पाणी निवांत पडून असतं. दोघांच्या मधे एक पातळ पट्टा असतो, तिथं तापमान झरकन उतरतं. त्याला तापप्रवण थर (खाली जाताना तापमान वेगानं कमी होणारा थर) म्हणतात. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण आवाजाला तो बरोबर कळतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. गरम पाण्यात थोडा जलद, गार पाण्यात थोडा हळू.”

“थोडा म्हणजे किती?”

“इथं फरक असेल वीसेक मीटरचा.”

“दीड हजारात फक्त वीस?” शाल्मलीला हे पटेना. “एवढ्याशानं काय होणार?”

“आवाज सरळ वर जात असेल, तर काहीच नाही. पण दूरवरून अगदी तिरपा, जवळजवळ आडवाच येत असेल, तर तेवढं पुरतं.”

शाल्मलीनं चिखलाकडे पाहिलं, कोरड्या जमिनीकडे पाहिलं, मग हातातल्या बांबूकडे. “म्हणजे चिखल हे खालचं गार पाणी. जमीन हे वरचं गरम पाणी. मरळची हाक तिरपी वर येते, तिचं वरचं टोक गरम पाण्यात शिरतं, जलद पळतं… आणि हाक परत खाली वळते!”

“आणि आपला पाणकान?” आजोबांनी विचारलं.

उत्तर मावशीनं दिलं. “वर, गरम पाण्यात. एक मीटरवर. आजवर मरळ कधी थराखाली गेलीच नव्हती, म्हणून तेवढं पुरत होतं.” ती होडीकडे पळत सुटली. “रिळावर तीस मीटर तार आहे. कधी उलगडलेलीच नाही!”

पावणेतीन वाजता होडी जलाशयाच्या मध्यावर थांबली. शाल्मली तार सोडत होती आणि तारेवरच्या खुणा मोठ्यानं वाचत होती. चार मीटर. सहा. आठ. होडीतल्या भोंग्यातून नुसती खरखर ऐकू येत होती. दहा. बारा. मावशीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

चौदा.

‘टुक.’

तिघांनीही श्वास रोखला. शाल्मली मनात आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच.

‘टुक.’

“ऐकू आलं?” शाल्मली ओरडली.

“अगं, मलासुद्धा आलं!” आजोबा म्हणाले.

आता दिशा शोधायची होती. मावशी होडी थोडी पुढं न्यायची, थांबवायची, आवाज वाढला की कमी झाला ते बघायची. उत्तरेकडच्या डोंगराच्या सोंडेकडे तो वाढत गेला. पण एका टप्प्यानंतर ‘टुक’ सगळीकडे सारखाच मोठा वाटू लागला. मरळ जवळ होती, पण नेमकी कुठं ते कळेना. आणि मरळला ‘वर ये’ अशी आज्ञा द्यायची, तर मावशीला आधी खाली बुडालेली झाडं नाहीत ना, याची खात्री करून घ्यायची होती. नाहीतर वर येताना मरळ फांद्यांत अडकली असती.

शाल्मली विचार करत होती. अचानक ती म्हणाली, “मावशी, पाणकान वर घेऊ या. एक मीटरवर.”

“वर? आत्ताच तर खाली सोडलाय.”

“आपण काठाकाठानं तिरपे चाललो, म्हणून मावशी, तुझे पाय आधी जमिनीला लागले आणि बांबू फिरला. पण पाण्याकडून सरळ जमिनीकडे चाललो असतो तर? तिघांचे पाय एकदमच कोरड्यावर आले असते. बांबू फिरलाच नसता. म्हणजे आपण मरळच्या बरोबर डोक्यावर असू, तर तिची हाक सरळ वर येईल. थर ओलांडून! वरचा पाणकान जिथं ऐकेल, तिथंच खाली मरळ.”

आजोबांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं तार गुंडाळायला सुरुवात केली.

होडी सावकाश फिरू लागली. खरखर. खरखर. सोंडेच्या सावलीत आल्यावर खरखरीतून अगदी हलकासा आवाज आला. थोडं डावीकडे घेतल्यावर तो स्पष्ट झाला. ‘टुक!’

मावशीनं होडीचा खोली मापणारा पडदा पाहिला. खाली मोकळं पाणी होतं. झाडं चांगली वीस हात बाजूला होती. तिनं आज्ञा पाठवली. पाण्यावर आधी बुडबुडे आले, मग एक हिरवट पाठ, आणि मरळ अशा थाटात वर आली, जणू काही झालंच नव्हतं. तिच्या अंगाला हात लावला तर ती माठातल्या पाण्यासारखी गार होती. बॅटरी अकरा टक्के उरली होती.

मावशीनं शाळांना पुन्हा फोन केले. या वेळी तिचा आवाज हसरा होता.

रविवारी चाळीस मुलांनी पाण्यात जो काही धिंगाणा घातला, तो सोंडेच्या पलीकडच्या वाडीतही ऐकू गेला असेल. मरळनं दोघांना वर उचललं. त्यातल्या एकाला नुसती तिच्या पाठीवर बसायची हौस आली होती, हे नंतर उघड झालं.

शाल्मलीला मात्र सुट्टी संपेपर्यंत नियंत्रक मिळणार नव्हता. त्याऐवजी मावशीनं तिला दुसरं काम दिलं होतं. रोज सकाळी होडीतून तापमापक सोडायचा आणि दर मीटरचं तापमान वहीत लिहायचं. “आकडा जो दिसेल तोच लिहायचा,” एवढंच मावशी म्हणाली. पहिल्या दिवशी शाल्मलीला ती शिक्षा वाटली. चौथ्या दिवशी ती मावशीच्या आधी उठून होडीत जाऊन बसली, कारण थर एका रात्रीत अर्धा मीटर खाली सरकला होता आणि तो आणखी सरकतो का, हे तिला बघायचं होतं.

“हा थर कायम राहतो का हो, आजोबा?” होडीत तिनं विचारलं.

“नाही. थंडी पडली की वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली उतरतं. सगळं पाणी एकमेकांत मिसळतं. मग उन्हाळ्यात पुन्हा नवा थर.”

शाल्मलीनं तेही लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, “गुरूच्या त्या चंद्रावर, युरोपावर, बर्फाखाली समुद्र असावा म्हणतात ना? तिथंही असे थर असतील?”

“कुणालाच माहीत नाही. पण तिथल्या बर्फाला भोक पाडून खाली यंत्र उतरवायची तयारी चाललीय. पाच-सहा देशांची माणसं मिळून करताहेत. आपलीही आहेत त्यात.”

“ते यंत्र खाली गेल्यावर बोलणार कसं? आवाजातूनच ना?”

“बहुधा.”

“मग वरच्या पाणकानाला त्यांनी तार केवढी ठेवलीय?”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. “हे मला ठाऊक नाही बुवा. त्यांनाच विचार.”

शाल्मलीनं वहीचं कोरं पान काढलं. होडी हलत होती, म्हणून अक्षर वाकडं येत होतं. पण पहिली ओळ तिनं खोडली नाही. ‘माझं नाव शाल्मली. माझ्याकडे एका जलाशयाच्या चार दिवसांच्या नोंदी आहेत आणि तुम्हाला विचारायला एक प्रश्न आहे.’