बॉनेटवर दोन थापा

चिखल हा माणसाचा सर्वांत थोर गुरू आहे, असं माझं ठाम मत आहे. ते बनलं तेव्हा मी भर सकाळी अकरा वाजता ओढ्याच्या मधोमध उभा होतो आणि गुरूंनी माझा डावा बूट दक्षिणा म्हणून ठेवून घेतला होता.

बूट माझा, जीप बायकोची. ती गुरांची डॉक्टर. तीस वर्षं ह्याच ओढ्यातून पलीकडच्या गोठ्यांवर जायची. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर. गाडी रुतली की म्हणायची, "अहो, उतरा." मी चाकांखाली फळ्या सरकवायच्या, बॉनेटवर दोन थापा मारायच्या, मग तिने गाडी काढायची. मी दर वेळी नेमका चुकीच्या बाजूला उभा असायचो आणि नखशिखांत माखायचो. काठावर पोचली की ती एक तोकडा हॉर्न द्यायची. त्याला ती 'सॉरी' म्हणायची.

सात महिन्यांपूर्वी ती गेली. तिची उंची पाच फुटांना दोन इंच कमी. मला गाडी चालवायला बसायचं तर सीट मागे सरकवावी लागली. तेव्हा झालेला कर्र आवाज अजून कानात आहे.

"बाबा, ती जीप देऊन टाका," मुलगी म्हणाली. "दिवसभर खिडकीतून तिच्याकडेच बघत बसता."

मेकॅनिक घ्यायला तयार होता. आज नेऊन द्यायची होती. शेवटचं म्हणून ओढ्याच्या वाटेने आणली, आणि रुतवली. त्यालाच फोन केला.

"काका, ॲक्सिलरेटर दाबलात?"

"दाबला."

"किती?"

"अगदी मनापासून."

"झालं! आता बंद करा, चावी काढा आणि गप उभे राहा. ट्रॅक्टर घेऊन येतो."

चावी खिशात टाकली. गप उभं राहणं मात्र जमेना. मागे तिच्या फळ्या होत्या, कडा झिजलेल्या. हातांनी चाकांपुढचा चिखल उपसला, फळ्या सरकवल्या. चालवायला आत कुणी नाही, हे हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग बॉनेटवर दोन थापा मारल्या. सवय, दुसरं काय.

बेडूक गप्प झाले.

इंजिन सुरू झालं.

काचेत आभाळ दिसत होतं. आतलं काही दिसत नव्हतं. चाकं फिरली. माझ्यासारखी घाईने नाही, सावकाश. फळ्या करकरल्या. जीप तिरकी होऊन वर चढली. मी चुकीच्याच बाजूला होतो.

डोळ्यांतला चिखल पुसला. खिसा चाचपला.

चावी होती.

काठावरून एक तोकडा हॉर्न आला.

"असू दे गं," मी म्हणालो. "धुतला की जातो." तीस वर्षं हेच उत्तर होतं. ह्या वेळी ते पुरं करायला बराच वेळ लागला.

तासाभराने मेकॅनिक आला. "अहो काका, काढली कुणी?"

"निघाली."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसायला चढला आणि त्याचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगवर आपटले.

"आई गं! एवढी सीट पुढे घेऊन चालवता कसे हो तुम्ही?" त्याचा हात सीटखालच्या दांडीकडे गेला.

"हात लावू नकोस!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वळसा घालून, नेहमीसारखा शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

"गाडी द्यायची नाही. तू उतर, ट्रॅक्टर घेऊन पुढे हो," मी म्हणालो. "आणि जाता जाता तेवढा माझा बूट कुठे दिसतो का बघ."