अंगाबरोबरचा गळपट्टा

शिमगा होऊन गेला होता. ऊन तापायला लागलं होतं. दुपारची आवराआवर झाल्यावर मी पिशवी घेतली आणि भिंगारच्या बाजारात भिमाजींच्या दुकानी गेले. कुत्र्याचा गळपट्टा आणायचा होता. भिमाजी चामड्याचं सगळं करायचे. चपला, बैलांच्या घुंगरमाळा, लष्करातल्या साहेबांच्या कुत्र्यांचे पट्टे.

“कुत्रं केवढं हाय, बाई?” त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. मी जुना पट्टा काढून त्यांच्यापुढे ठेवला. बकलाचा काटा शेवटच्या भोकात होता. तो मी तसाच ठेवून आणला होता.

“ह्यो तर माझ्याच हातचा!” भिमाजी म्हणाले. “तुमच्या सासऱ्यानं न्हेल्ता, दसऱ्याच्या आधी. नातवाला चड्डी घ्यावी तसा मोठा मागत हुते. मी म्हनलं, बाबा, ह्यात पिल्लाबरूबर तुमी पन बसाल!” ते हसले. “मग, भरला का शेवटी?”

“भरला,” मी म्हणाले.

ते पिल्लू दसऱ्यालाच गेलं होतं, हे मला त्यांना सांगवलं नाही.

माझे सासरे, आप्पासाहेब, श्रीगोंद्याकडचे. मोठ्या दुष्काळात गावाकडे प्यायलाही पाणी उरलं नाही, तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले. माझे यजमान लष्कराच्या डेपोत कारकून होते, म्हणून भिंगारला आम्हाला क्वार्टर होती. जन्मभर रानात राबलेला माणूस, दोन खोल्यांत करणार काय? एके दिवशी नालीतलं एक काळं पिल्लू त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलं. त्याचं नाव ठेवलं काजळ्या. मग ते दिवसभर त्याच्याशीच बोलायचे.

पट्टा त्यांनी वाढत्या अंगाचा घेतला. आमच्या घराची रीतच ती. मुलींच्या फ्रॉकला आत भली मोठी दुमड, नव्या बुटात पुढे कापूस. वस्तू पुरली पाहिजे, एवढंच आम्हाला ठाऊक. आप्पांनी दाभणानं आतल्या बाजूला एक जादा भोक पाडलं, तरी तो पट्टा त्या इवल्या मानेवर माळेसारखा लोंबायचा.

दसऱ्याच्या दिवशी ते त्याला डेपोच्या रस्त्यावर घेऊन गेले. मागून लष्कराचा ट्रक आला, भोंगा वाजला. काजळ्या दचकून मागे सरकला, मान खाली घातली आणि पट्ट्यातून निसटला. पळाला तो नेमका चाकाकडे. मी धावत गेले, तेव्हा आप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते. हातात चामड्याची वादी होती, आणि तिच्या टोकाला बक्कल लावलेला रिकामा पट्टा हलत होता.

क्वार्टरमागच्या लिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. पट्टा आणि वादी मागच्या दाराच्या खुंटीला अडकवली. आप्पा एवढंच म्हणाले, “बराबर मापाचा घेतला असता तर, पोरी...”

त्यानंतर रोज दिवेलागणीला ते पट्ट्यासकट वादी काढून घ्यायचे आणि रस्त्यानं एक फेरी मारून यायचे. शेजारपाजारचे हसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं मन आहे, रमू दे.

मग एकदा झाडताना माझं लक्ष गेलं. काटा दाभणाच्या भोकात नव्हता, पुढच्या भोकात होता. थंडी पडली तेव्हा त्याच्याही पुढच्या.

“आप्पा, तुम्ही बदलता का हो हे?”

“मी कशाला बदलू?” ते शांतपणे म्हणाले. “त्याला लागंल तेवढं त्यो घेतो.”

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग गेले. वादी जमिनीवर घासटत नव्हती. त्यांच्या मुठीतून निघून ती पुढे ताठ गेली होती आणि आप्पा मागे रेलून, पाय रोवत चालत होते. ओढाळ जनावर आवरताना माणूस चालतो, तसे. रस्त्यावरच्या फुफाट्यात पावलं मात्र त्यांचीच उमटत होती.

मी घरात कुणाला काही बोलले नाही.

शिमग्याच्या सुमाराला काटा शेवटच्या भोकात जाऊन बसला, आणि मागच्या दारी आवाज सुरू झाला. दिवा लावायच्या वेळी खुंटीपाशी कुणीतरी श्वास घ्यायला धडपडायचं. घरघर... मग थांबायचं... मग पुन्हा घरघर. ओल्या केसांचा वास यायचा. आप्पांनी अन्न सोडलं. भाकरीचं ताट तसंच परत यायचं. ते भिंतीला टेकून ऐकत बसायचे आणि डोळ्यांतून पाणी गळायचं.

“काचतंय गं त्याला,” ते म्हणाले. “माझी हाडं आता बाजारापतूर चालत न्हाईत. तू आन नवा. पर मोठा नको हां... अंगाबरूबर.”

म्हणून मी भिमाजींसमोर उभी होते. त्यांनी एक रुंद पट्टा काढून दिला.

“बांधला की आत दोन बोटं सरकली पायजेत. जास्ती सुटला तर निसटंल, कमी पडला तर गळा धरंल. बसला न्हाई तर माघारी आना.”

घरी आले तेव्हा सांज झाली होती. आप्पा उंबऱ्याशी बसले होते. घरघर चालू होती. मी खुंटीपाशी बसले, नव्या पट्ट्याचा वेढा हवेतच धरला आणि बक्कल ओढलं. एका जागी ते थांबलं. पुढे जाईना. मी काटा घातला आणि आत दोन बोटं सरकवली.

बोटांना ऊब लागली. दाट केस लागले. त्याखाली काहीतरी ठक् ठक् उडत होतं. मग बोटांखालून एक आवंढा वर जाऊन खाली आला.

घरघर थांबली.

“बसला?” आप्पांनी हळूच विचारलं.

“बसला, आप्पा.”

त्या रात्री ते दुधात भाकरी कुस्करून पोटभर जेवले. किती दिवसांनी ते हसले होते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नव्या पट्ट्याला वादी लावून ते बाहेर पडले. दारात वळून म्हणाले, “आता न्हाई निसटायचा.”

ते परत आले नाहीत. यजमान कंदील घेऊन शोधायला गेले, मागोमाग मी. लिंबाखाली आप्पा बुंध्याला टेकून बसले होते, डोळे मिटलेले, अंग गार. चेहरा इतका निवांत होता की मला रडू आलं ते त्यामुळेच. वादीची मूठ त्यांच्या हाताला गुंडाळलेली होती आणि दुसऱ्या टोकाचा पट्टा बकलासकट जसाच्या तसा होता.

असा अंगाबरोबरचा पट्टा दसऱ्याला असता, तर तो म्हातारा अजून काजळ्याशी बोलत बसला असता. हे राहून राहून मनात येतं.

वादी आणि नवा पट्टा, दोन्ही वस्तू मी खुंटीला अडकवल्या. काढून टाकाव्यात असं यजमान म्हणतात, पण माझा हात होत नाही. दिवेलागणीला मी मागच्या दारी दिवा ठेवते. वादी खुंटीवरून सरळ खाली लोंबत नाही, रस्त्याच्या दिशेला तिरकी झालेली असते. थोड्या वेळानं ती सैल पडते. मग मी जाऊन पाहते, तर तिची मूठ तळहाताच्या घामानं ओली असते.

मग मी पट्ट्यात बोटं घालून बघते. रोज बघते.

काल एकच बोट आत गेलं.