गुरुवारच्या होडीतली ती

होडीने धक्का सोडला आणि रेझेलच्या मांडीवरची पिशवी रडायला लागली.

टीं... टीं... थांबायचं नावच नाही. इलोइलोहून समोरच्या गिमारास बेटावर जाणारी होडी, बाकांवर माणसं खेटून बसलेली. सगळ्यांच्या माना वळल्या. रेझेलने घाईघाईने चेन उघडून आत हात घातला, पण बटण काही सापडेना.

"बाळाला भूक लागली असेल," शेजारचा तरुण हळूच म्हणाला.

"बाळ नाही. पंप आहे," तिने मान वर न करताच सांगितलं.

"मग... तहान लागली असेल."

तिला हसू आवरेना. हसता हसता बटण सापडलं, पंप गप्प झाला आणि तेवढ्यात एका लाटेने सगळ्यांना सारखंच भिजवलं. रुमाल त्याने पुढे केला. तो घेताना तिने पहिल्यांदा नीट पाहिलं – सावळा चेहरा, चष्म्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब, आणि थेंबांमागे अगदी स्थिर डोळे.

ती इलोइलोच्या एका इस्पितळात जखमांच्या विभागात नर्स होती. दर गुरुवारी बेटावरच्या एका मधुमेही आजोबांच्या पायाची पट्टी बदलायला जायची. जखमेत स्पंज बसवायचा, वरून पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटवायचा, नळी जोडायची. मग पिशवीत नेत होती तसला एवढासा पंप रात्रंदिवस आतलं पाणी ओढून घेतो आणि जखम तळापासून भरत येते. हे सगळं तिने त्याला सांगितलं. तो ऐकतच असा होता, की सांगणाऱ्याला आपण फार मोलाचं काही बोलतोय असं वाटावं.

"आणि तुम्ही काय करता?"

"लोक माझ्याशी बोलायला येतात. मी गप्प बसतो."

"एवढ्यासाठी कुणी डॉक्टर होतं?"

"गप्प बसणं फार अवघड आहे हो, मॅम. तुम्ही करून बघा."

एफ्रेन सुमागायसाय. मानसोपचाराचा डॉक्टर. बेटावरच्या सरकारी दवाखान्यात त्याचाही गुरुवारच होता.

मग गुरुवारची वाट पाहणं सुरू झालं. परतीच्या होडीत तो तिच्यासाठी आंबे सोलायचा आणि कोय स्वतःकडे ठेवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा समुद्र खवळला, होडी कलली, रेझेलने घट्ट डोळे मिटले, तेव्हा तो तिच्या कानाशी म्हणाला, "घाबरू नकोस. मी आहे." त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण समुद्र नव्हता.

तो सगळं बोलायचा. वडिलांचं दारू पिणं, आईचा तापट स्वभाव, शाळेतली नापास झालेली वर्षं... फक्त त्याच्या खोलीत कोण येतं, काय बोलतं, याबद्दल एक अक्षर नाही. रस्त्यात ती माणसं भेटली, तरी त्यांनी आधी ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवत नाही, असं त्याने एकदा सांगितलं होतं. तेव्हा रेझेलला ते फार आवडलं होतं.

पण एके गुरुवारी होडीत ती आली.

उंच, गोरीपान, केसांत मोगऱ्यासारखा मंद वास. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. पलीकडच्या बाकावर बसताना तिने एफ्रेनकडे पाहिलं... पाहिलं, आणि ओठ जरासे हलले. एफ्रेनने मात्र तोंड समुद्राकडे फिरवलं ते धक्का येईपर्यंत तसंच. समुद्रात बघण्यासारखं त्या दिवशी काहीही नव्हतं.

"कोण होती?" उतरल्यावर रेझेलने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोण?"

"निळ्या बाह्यांची."

"होडीतल्या कुणाबद्दलही मला असं विचारू नकोस, रेझेल. कोणी असो, नसो... उत्तर एकच असेल. काही नाही."

तिने खांदे उडवले, पण मनात पाल चुकचुकलीच. घरी आल्यावर तिने हे मानांग लूझला, म्हणजे लूझताईला, सांगितलं. लूझ म्हणजे तिची मोठी आतेबहीण, दोघी एकाच खोलीत राहायच्या. लूझने पायाची नखं रंगवता रंगवता निकाल देऊन टाकला.

"जुनं प्रकरण आहे."

"पेशंटही असेल ना, मानांग."

"असेल की. एवढी देखणी पेशंट, बंद दाराआड, तासभर. मग तर तुला काळजीच नको."

झालं. दर गुरुवारी रेझेलचे डोळे आधी त्या निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या बाह्या शोधू लागले. एफ्रेन आंबा सोलून द्यायचा आणि तिला तो आंबटच लागायचा. तो हसला की वाटायचं, त्या बाईपुढेही असाच हसत असेल? तो गप्प बसला की, तिचाच विचार करत असेल. पेशंट असली म्हणून काय झालं? तिला तो असा एक तास देतो, ज्यातलं आपल्याला कधीच काही मिळणार नाही... आजोबांच्या पायावर पापुद्रा चिकटवताना एकदा तिचं लक्ष उडालं, आणि सगळी पट्टी पुन्हा करावी लागली.

एका गुरुवारी काम लवकर आटोपलं. भुरभुर पाऊस होता. एफ्रेनला चकित करावं म्हणून ती केळीच्या पानातला गरम भात घेऊन त्याच्या दवाखान्यात गेली. व्हरांड्यात पोचते तोच त्याचं दार उघडलं. ती बाई बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल, आणि तरी ओठांवर ओलं, हलकं हसू. दारात एफ्रेन उभा होता.

"घाबरू नका," तो म्हणत होता. "मी आहे."

रेझेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे शब्द. खवळलेल्या समुद्रातले, फक्त तिचे शब्द. भात तिथल्याच बाकावर टाकून ती धक्क्याकडे चालू लागली.

परतीच्या होडीत ती एफ्रेनजवळ बसली नाही. सरळ जाऊन त्या बाईच्या समोर बसली.

"डॉक्टर एफ्रेनना ओळखता ना तुम्ही?" आवाज मोठाच निघाला.

बाईचा चेहरा पांढरा पडला. तिने कडेला बसलेल्या दोन बायकांकडे भेदरून पाहिलं. "नाही... मी नाही ओळखत."

"मग मघाशी त्यांच्या खोलीतून रडत बाहेर आलात, त्या कोण होत्या?"

त्या दोन बायका, बहुधा तिच्या गल्लीतल्या, आधी एकमेकींकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिल्या. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते ही, असं त्या नजरेत लिहिलेलं होतं. बाईने बाह्या आणखी खाली ओढल्या आणि धक्का येईपर्यंत मान वर केली नाही.

उतरल्यावर एफ्रेनने रेझेलला गाठलं. त्याचा चेहरा असा तिने कधी पाहिला नव्हता.

"बोल ना," ती म्हणाली. "ओरड माझ्यावर."

"नाही ओरडू शकत," तो म्हणाला. "ओरडलो, तरी तुला काहीतरी सांगितल्यासारखं होईल."

आणि तो निघून गेला.

पुढच्या गुरुवारी ती बाई होडीत नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. रेझेलला आनंद व्हायला हवा होता. एफ्रेन लांबच्या टोकाला बसायचा, मान हलवून नमस्कार करायचा. लूझ म्हणाली, बरं झालं, खरं काय ते कळलं. रेझेलला मात्र काहीच कळलं नव्हतं. दोन्ही मुठींत धरून ठेवलेलं सगळं निसटल्यासारखं तिला वाटत होतं, आणि तरीही रात्री डोळे मिटले की ते दार, तो आवाज... जळफळाट काही शमत नव्हता.

मग एके सकाळी जखमांच्या विभागात एक बाई येऊन दाराशी थबकली. लांब बाह्या. रेझेलला पाहताच ती मागे वळली.

"थांबा," रेझेल म्हणाली. "कृपा करून थांबा."

तिचं नाव यव्हेट. तिने बाही वर केली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची कित्येक महिने चिघळलेली जखम होती. घरच्या बेकरीत भट्टीचा भडका उडाला होता. ती वाचली, धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून तिने जखमेला कुणालाही हात लावू दिला नव्हता.

"ही भरली तर तो कायमचा गेला असं वाटायचं," ती म्हणाली. "इथे ओळखीचं कुणी बघू नये म्हणून समुद्रापलीकडे जात होते मी. आता गल्लीला कळलंच आहे. म्हटलं, लपवायचं तरी काय राहिलं?"

रेझेलला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिने माफी मागितली. का तसं वागली, तेही सांगितलं, काही न झाकता. यव्हेटने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे ती तुम्ही," ती सावकाश म्हणाली. "डॉक्टर मला म्हणायचे, इलोइलोच्या इस्पितळात एक नर्स आहे, तिच्या हाताला घाई नाही, एकदा तिला जखम दाखवा. नाव सांगताना दर वेळी चष्मा पुसायचे. मला वाटायचं, काच खराब आहे."

रेझेलने हातमोजे चढवले, आणि दर वेळी आधी विचारून, थोडं थोडं करून, जखमेला हात लावला.

शल्यचिकित्सकांनी मेलेलं मांस काढलं, मग स्पंज, पापुद्रा, नळी. यव्हेट छोटासा पंप खांद्याला अडकवून बेकरीत बसू लागली. हळूहळू जखमेच्या तळाशी लालचुटूक, ओलं, नवं मांस दिसू लागलं. ते पाहून यव्हेट रडली, आणि भावाबद्दल बोलली. रेझेल ऐकत राहिली. जाताना यव्हेट म्हणाली, मी येतेय हे डॉक्टरांना सांगा हवं तर.

"तुम्हीच सांगा, वाटेल तेव्हा," रेझेल म्हणाली. "या खोलीतलं मी बाहेर नेत नाही."

गुरुवारी ती एफ्रेनच्या शेजारी जाऊन बसली. तो सरकला नाही.

"मी चुकले," ती म्हणाली. "फार मोठी चूक केली."

"आज अचानक... काय झालं?"

ओठांवर आलेलं सगळं तिने गिळलं. "सांगता येणार नाही."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि उगाचच पुसू लागला. ती का हसते आहे ते त्याला कळेना, आणि ते सांगायची तिला सोय नव्हती.

"एक खरं सांगू?" ती म्हणाली. "अजूनही जळते मी. तुझ्या त्या खोलीवर, तिथे बसणाऱ्या प्रत्येकावर. उद्याही जळेन."

"जळ."

"पण विचारणार नाही. कधीच."

"माझं जे आहे, ते विचारत जा," तो म्हणाला. "ते सगळं तुझंच आहे. पहिल्या दिवसापासून..." सगळ्या जगाचं ऐकणारा माणूस स्वतःचं एक वाक्य पुरं करताना घामाघूम झाला होता. "रविवारी आईबाबांना तुमच्या घरी आणू? मागणी घालायला?"

"तुझी आई तापट आहे म्हणालास."

"आहे."

"माझीही आहे," रेझेल म्हणाली. "घेऊन ये."