धाकटीच्या लॉगिनमधून

"हे माझ्या बहिणीनेच केलंय. तुम्ही फक्त पुरावा शोधून द्या."

आलेल्या बाई खुर्चीत टेकायच्या आधीच एवढं बोलून मोकळ्या झाल्या. वहिनींनी चष्मा पुसत त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी खासगी तपासाची कामं घेतात, आणि निकाल सोबत घेऊनच येणारी गिऱ्हाइकं त्यांना मुळीच आवडत नाहीत. शेजारी बसलेल्या बापूंना मात्र ती फार आवडतात, कारण डोक्याला ताप होत नाही. बापू म्हणजे वहिनींचे दीर. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींना मदत करतात, असं निदान ते स्वतः सांगतात.

"काय केलं बहिणीने?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर एका फाटक्या बुटाचा उभा फोटो होता. दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी आणि खाली एकच ओळ: 'आमचे बूट घ्या, पण पाय दुसऱ्याचे आणा.'

बापूंना हसू आलं. वहिनींनी पाहिल्यावर ते गेलं.

"आमची कंटेंट मार्केटिंगची एजन्सी आहे," बाई सांगू लागल्या. दोघी बहिणींतली ही थोरली. "बूट बनवणाऱ्या कंपनीचं कॅम्पेन आज सकाळी सुरू व्हायचं होतं. त्यांच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पहिली पोस्ट झळकली ती ही. मालक माझ्या शेजारीच बसले होते."

"कंटेंट मार्केटिंग म्हणजे जाहिरातच ना?" बापूंनी विचारलं.

"जाहिरात 'बूट घ्या' म्हणते. आम्ही टाच का दुखते ते सांगतो. मग लोक आपणहून बूट विचारायला येतात." हे वाक्य थोरलीने शेकडो वेळा म्हटलं असावं. "या पोस्ट आम्ही आधीच तयार करून टूलमध्ये लावून ठेवतो, आणि टूल ठरल्या वेळी त्या टाकतं. ही पोस्ट काल संध्याकाळी धाकटीच्या लॉगिनमधून लावलेली आहे. टूलच तसं दाखवतंय. आणि हे टूल निवडलंही तिनेच. आधीचं चांगलं चाललं होतं."

"आता घाई कसली आहे?"

"संध्याकाळपर्यंत बूटवाल्यांना दोषी माणसाचं नाव हवंय, नाहीतर काम गेलं. एकदा नाव दिलं की या धंद्यात तिला कोणी दारात उभं करणार नाही, हे मला कळतं. पण माझा इलाज नाही. आई म्हणते, आधी पुरावा दाखव."

"आई शहाण्या आहेत," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

एजन्सीचं ऑफिस एका जिन्याच्या टोकाला होतं. माणसं मोजकी, खोल्या त्याहून मोजक्या, आणि प्रत्येक टेबलावर चार्जरच्या वायरींचा गुंता. वहिनींनी आधी धाकटीला बोलावलं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज ताठ होता.

"मावशी, टूल मी आणलं, कॅम्पेन माझं. ते बुडवून मला काय मिळणार?"

"तुझा पासवर्ड कोणाला ठाऊक होता?"

"सगळ्यांना." तिने कपाळाला हात लावला. "कुठलं टूल घ्यायचं हे ठरवायला आम्ही बरीच टूल्स फुकटात वापरून पाहिली. फुकटात एकालाच लॉगिन देतात, म्हणून सगळे माझंच वापरायचे. नंतर पासवर्ड बदलायचा राहून गेला."

"आणि जुनं टूल? ते वापरलंस कधी?"

"उघडूनही नाही पाहिलं. मी आधीच्या नोकरीत हेच नवं वापरायचे. इथे आले तेच त्याचा हट्ट धरून."

मग लेखक आला. दाढी वाढलेली, चेहऱ्यावर कायमची अजीर्णाची कळा.

"तुमचं काय म्हणणं नव्या टूलबद्दल?"

"ते मथळे सुचवतं," लेखक म्हणाला. "मी दिवसभर डोकं खाजवून एक मथळा काढायचा आणि त्याने क्षणात पाच पुढे टाकायचे. वर धाकट्या बाई म्हणणार, अरे वा, यातला दुसरा बघा. पोटात दुखणार नाही तर काय होणार माणसाला?"

"फोटो चढवायचं काम करता?"

"मी शब्दांचा माणूस. फोटोला हात लावत नाही."

चित्रकार बाई उंच होती आणि दारातच उभी राहून बोलली. तिला नवं टूल आवडलं होतं. "जुन्याला फक्त चौकोनी फोटो चालायचा. उभा दिला की वरून-खालून कापून टाकायचं. एका मॉडेलचं डोकंच उडवलं होतं. नवं टूल कसाही फोटो घेतं, सुटले मी."

"मग धाकटीवर खूश असाल."

"कॅम्पेनमधली चित्रं माझी आहेत. कॅम्पेन पसंत पडलं तेव्हा बूटवाल्यांनी फुलं दिली ती तिला. खूश कशी असेन?"

बापू वहिनींच्या कानात पुटपुटले, "इथे सगळ्यांनाच ती खुपतेय."

"म्हणूनच कठीण आहे," वहिनी म्हणाल्या.

शेवटी थोरलीचा नवरा आला, हातात सगळ्यांसाठी कॉफीचा ट्रे घेऊन. ऑफिसातले सगळे त्यांना दाजी म्हणत होते, अगदी लेखकसुद्धा, जो त्यांच्याहून वयाने मोठा दिसत होता.

"धाकटी दाजी म्हणते ना, मग सगळ्यांनाच सवय लागली," ते हसत म्हणाले. "ती यायच्या आधी साहेब म्हणायचे."

"जुनं टूल कोणी निवडलं होतं?"

"मीच. रोज सकाळी पोस्ट मीच चढवायचो. ही मजकूर वाचून मान हलवायची, की झालं." त्यांनी कप वहिनींपुढे ठेवला. "पण नवं छान आहे. बदल हवाच. चाचणीच्या वेळी मीही शिकून घेतलं. आता हात लावायची वेळ येत नाही म्हणा, धाकटीच सगळं बघते."

ते बोलत होते आणि चमचा कपात फिरत होता. साखर केव्हाच विरघळली असावी.

वहिनी उठल्या. "बापू, माझा एक फोटो काढा. या दारात उभी राहते. डोक्यापासून पायांपर्यंत आला पाहिजे."

फोटो काढून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "माझ्या तपासाच्या कामाची एक पोस्ट करून द्या. प्रत्येकाने आपापल्या जागी बसून, नव्या टूलमध्ये. टाकू नका, नुसती तयार करा."

"वहिनी," बापू ओशाळून कुजबुजले, "बिचाऱ्यांचं घर जळतंय आणि तुम्ही फुकटात जाहिरात करून घेताय?"

"घेतेय," वहिनी म्हणाल्या.

पोस्ट तयार झाल्या आणि मीटिंगच्या खोलीतल्या पडद्यावर एकेक करून दिसू लागल्या. लेखकाने लांबलचक मजकूर लिहिला होता आणि फोटो घातलाच नव्हता. चित्रकाराच्या पोस्टमध्ये वहिनी पूर्ण उभ्या होत्या, रंग जरा उजळलेले. थोरलीनेही फोटो होता तसाच टाकला होता, खाली सरकारी सूचनेसारखी ओळ. धाकटीचा फोटोही तसाच, पण ओळ अशी की बापूंनी स्वतःच वहिनींना काम दिलं असतं. दाजींच्या पोस्टमध्ये फोटो मधोमध होता आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा.

"दाजींची सगळ्यात टापटीप," बापू कौतुकाने म्हणाले. "फ्रेम केल्यासारखी."

"तीच मलाही आवडली," वहिनी म्हणाल्या. "बसा सगळे."

सगळे बसले. थोरली आणि धाकटी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या.

"पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे लॉगिनवरून काही ठरत नाही," वहिनी म्हणाल्या. "धाकटीचा राग इथे कोणाला येत नाही? त्यावरूनही काही ठरत नाही. उरली ती पोस्ट. फाटक्या बुटाची टिंगलच करायची, तर फोटोच्या बाजूंना पांढऱ्या पट्ट्या जोडायचा उद्योग कोण करेल? कशासाठी?"

वहिनींनी थोरलीच्या मोबाइलवरचा तो बुटाचा फोटो सगळ्यांपुढे धरला.

"जुनं टूल उभा फोटो वरून-खालून कापायचं. मग ज्याला तो वाचवायचा असेल, तो बाजूंना पट्ट्या जोडून त्याचा चौकोन करणार. नव्या टूलमध्ये त्याची गरजच नाही. तरीही कोणीतरी ते केलं, कारण ते डोक्याने केलेलं नव्हतं. रोजच्या सवयीने हात तसा चालला."

चित्रकार पडद्याकडे बघू लागली.

"धाकटीने जुनं टूल कधी उघडलं नाही. लेखक फोटोला शिवत नाहीत, आत्ताही शिवले नाहीत. चित्रकार बाई त्या कापाकापीतून सुटल्या म्हणून आनंदात आहेत, त्यांनी फोटो आहे तसा टाकला. थोरल्या बाई, तुम्ही जुन्या टूलवर कधी पोस्ट चढवली होती?"

"मी कशाला चढवू? ते तर रोज..." थोरली थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"पट्ट्या कोणीही लावेल," दाजी म्हणाले. "एवढ्यावरून तुम्ही..."

"मग आत्ता माझ्या फोटोला का लावल्यात? बाकी कोणालाच तशी गरज वाटली नाही."

दाजींनी पडद्याकडे पाहिलं. आपल्याच हाताने जोडलेली ती पांढरी जागा त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसत होती.

"पूर्वी ही माझ्याशी बोलायची," ते बायकोकडे न बघता म्हणाले. "हे गिऱ्हाईक घेऊ का, ते टूल घेऊ का, हा मथळा बरा वाटतो का. गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत. आता घरी जेवतानाही फोनवर धाकटीशी बोलत असते. मी एकदा म्हटलं, जुनं टूल स्वस्त आणि बरं आहे, तर म्हणाली, तुला यातलं कळत नाही. मी साहेब होतो इथला. आता मी तिचा दाजी आहे."

"तुम्हाला टूल बदनाम करायचं होतं?" वहिनींनी विचारलं.

"आधी तेवढंच होतं." ते थांबले. "नाही. खोटं कशाला बोलू? ती जायला हवी होती मला."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. "दाजी, तुम्ही सकाळपासून मला पाणी आणून देत होतात," ती म्हणाली. दाजी उठले आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

बापूंना वाटलं, काम झालं. ते पिशवी उचलू लागले. वहिनी बसूनच होत्या.

"एक विचारू?" त्या थोरलीला म्हणाल्या. "पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तरी माझ्याकडे आलात ते थेट बहिणीचं नाव घेऊन. इतक्या लवकर पटलं कसं?"

थोरलीने उत्तर दिलं ते बहिणीकडे बघून.

"बूटवाले मालक सकाळी हॉलमध्ये आले आणि थेट तुझ्याकडे गेले. एजन्सी माझी, नाव माझं, आणि ते मला विचारतात, धाकट्या बाईंना कॉफी मिळाली का? मग पडद्यावर ते फाटकं चित्र आलं." तिचा आवाज बारीक झाला. "मला घाम फुटला. पण त्याच्या आधी, अगदी एक क्षण, बरं वाटलं गं."

धाकटीने मान खाली घातली. पुसून पुसून लाल झालेले डोळे तिने पुन्हा पुसले.

"मला एकदा विचारायचंस, ताई. 'तू केलंस का?' एवढंच."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," थोरली म्हणाली. "आणि मला ते ऐकायचं नव्हतं."

बाहेर ऊन उतरत होतं. टेबलावरचा फोन वाजला आणि बूटवाल्या मालकांचं नाव दिसू लागलं. थोरलीने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"नाव सांगते," ती म्हणाली. "माझे पती. माझ्या बहिणीचा यात काहीही संबंध नव्हता, आणि मी सकाळपासून तिच्यावर संशय घेतला ती माझी चूक होती. यापुढचं कॅम्पेन तीच बघेल." तिने बहिणीकडे पाहिलं. "ती राहिली तर."

पलीकडून मालक काहीतरी बोलले. थोरली 'हो, हो' म्हणाली आणि फोन ठेवला.

"राहशील?"

"राहीन," धाकटी म्हणाली. "पण तुझ्या हाताखाली नाही. अर्धी एजन्सी माझी. दारावर दोघींचं नाव."

सकाळी हॉलमध्ये वाटला होता तोच हेवा थोरलीला पुन्हा वाटला. तो तिने ओळखला. वहिनींनीही ओळखला, कारण त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"कागद करून आण," थोरली म्हणाली. "माझा विचार बदलायच्या आत सही घे."