दुसरा ब्रेक

तो दुकानात आला तेव्हा त्याचा चष्मा नाकावर नव्हता, रुमालात होता. एक काडी इकडे, एक भिंग तिकडे. मी सात वर्षं चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे चष्मे कसे मोडतात याच्या कहाण्या मला तोंडपाठ आहेत. कुणी त्यावर बसतं, कुणी तो घालूनच झोपतं. हा म्हणाला, "विद्यार्थिनीने ब्रेक मारला."

"का?"

"म्हणे मांजर आडवं आलं."

"आलं होतं?"

"चष्मा उडाला होता हो... मला काय दिसणार?"

मला हसू आलं. तो समोरच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा धड दिसत नसणार, म्हणून मी त्याला निवांत बघून घेतलं. मग स्क्रू बसवला, काडी गरम करून सरळ केली आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. काडी कानामागे टोचते का, हे बघायला हात लावावा लागतो. दिवसातून वीस कानांना लावते मी. त्या दिवशी मात्र बोटं उगाच जरा जास्त वेळ रेंगाळली.

"दिसतंय नीट?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हो... आता दिसतंय."

पुढच्याच आठवड्यात मी त्याच्या स्कूलमध्ये नाव घातलं. फक्त त्याच्यासाठी घातलं असं म्हणणार नाही, एवढी काही मी वाहवले नव्हते. मला गाडी शिकायचीच होती. दर महिन्याला हॉस्पिटलात जायचं म्हणजे बाबांना कामावरून सुट्टी घ्यायला लावायची, आणि मग जाता-येता त्यांचं ते न बोलणं ऐकायचं. मला एकटीने जायचं होतं. पण तो बाजूच्या सीटवर असणार हे मला माहीत होतं, तेही खरंच.

विद्यार्थी त्याला 'सावकाश सर' म्हणायचे. वळण आलं की सावकाश, सिग्नल आला की सावकाश, काहीच आलं नाही तरी सावकाश. त्याच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, शिकवायच्या गाडीत असतो तसा. शिकणारा गडबडला की तो आपल्या बाजूने गाडी थांबवायचा. मला त्या ब्रेकचा भयंकर राग यायचा.

"मी थांबवणारच होते," मी म्हणायचे.

"कधी? तो ट्रक आपल्या मांडीवर बसल्यावर?"

"तुमचा माझ्यावर विश्वासच नाही."

"तुमच्यावर आहे. ट्रकवर नाही."

गाडीत एक सोय असते. दोघांनाही समोर बघावं लागतं, त्यामुळे एरवी जिभेवर न येणाऱ्या गोष्टी सहज बोलल्या जातात. त्याचे वडील लवकर गेले, आईने एकटीने वाढवलं, हे त्याने मला एका चढावर सांगितलं. बाराव्या धड्याला मी गाडी मागे घेत असताना तो "अगं, आरसा बघ" म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच गप्प झाला. मी आरशात बघत म्हटलं, "बघतेय रे." त्या दिवसापासून आमचं अहो-जाहो संपलं. त्या आरशात मला मागचा रस्ता दिसायला हवा होता, पण मला माझंच तोंड दिसत होतं, आणि ते तोंड वेड्यासारखं हसत होतं.

इथवर सगळं छान होतं. पण मी सारखी एक गोष्ट पुढे ढकलत होते.

मला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आत असायचं अस्तर माझ्या पोटात नको तिथे वाढतं आणि दर महिन्याला मला आडवी पाडतं. ते पूर्ण बरं होत नाही, सांभाळावं लागतं. दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून सांगितलं, की मूल होणार नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. बाबा उठून खिडकीपाशी गेले. आईने माझा हात धरला आणि बाहेर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, "हे कुणाला सांगायचं नाही." आज चार वर्षं झाली, आमच्या घरात त्यावर पुन्हा एक शब्द निघालेला नाही. माझं दुखणं आलं की आई गरम पाण्याची पिशवी दाराशी ठेवते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

एका गुरुवारी तो म्हणाला, "रविवारी आईला घेऊन येऊ का तुमच्याकडे?"

मी क्लचवरचा पाय असा काढला की गाडी उडी मारून बंदच पडली.

"एवढं काय घाबरायचं," तो हसत म्हणाला. "माझी आई चावत नाही. फक्त नातवंडांची नावं ठरवून बसली आहे. पाच आहेत, त्यातली दोन आपण गाळू."

मी हसले. हसावंच लागलं. आणि नेमकी त्याच वेळी पोटात ती ओळखीची कळ उठली. तिला वेळ-काळ काही कळत नाही. माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. त्याने चेहरा बघितला आणि मला बाजूच्या सीटवर बसवून स्वतः गाडी चालवत घरी आणलं. "काय होतंय?" त्याने तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा सांगितलं, की सकाळपासून काही खाल्लं नाही. रात्री त्याचा मेसेज आला, जेवलीस का? मी पिशवी पोटाशी धरून पडले होते. 'हो' एवढंच लिहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

घरी रविवारची बातमी पोचताच आईने पडदे धुवायला काढले. मी म्हटलं, आधी त्याला सांगते. आई म्हणाली, आधी लग्न होऊ दे, मग हळूहळू सांगता येतं. बाबा वर्तमानपत्राच्या मागे होते आणि मागेच राहिले. मला आईचा राग आला नाही. तिला वाटत होतं, माझं सुख एवढ्याशा फटीतून आत येणार आहे आणि मी मूर्खासारखी दार लावायला निघाले आहे.

शनिवारी सकाळी आम्ही पुलावर होतो. समोर रस्ता मोकळा, वेग बेताचा, मी गाडी छान चालवत होते. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"मला तुला काही सांगायचंय. मला मूल होणार नाही. कधीच. आजार आहे, तो राहणार आहे. परवा जे झालं ते भुकेने नव्हतं."

गाडी करकचून थांबली.

मी ब्रेकला पायही लावला नव्हता. त्याने थांबवली होती. समोर ट्रक नव्हता, मांजर नव्हतं, काहीच नव्हतं. मागून हॉर्न सुरू झाले. तो आपल्या पायाकडे बघत होता, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा होता.

"सॉरी," तो म्हणाला. आणि मग... "चल. सावकाश ने."

हे वाक्य तो अठरा वर्षांच्या पोरांना म्हणतो, पंचाहत्तरीच्या आजोबांना म्हणतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मी त्याच्यापुढे ठेवली आणि मलाही तेच मिळालं. मी गाडी स्कूलपर्यंत नेली. एकही चूक केली नाही. किल्ली त्याच्या हातात दिली आणि वळूनही पाहिलं नाही. मला उत्तर मिळालं होतं, ब्रेकने दिलं होतं.

रविवारी कुणी आलं नाही. धुतलेले पडदे लावून आई पाच वाजेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसली. मग उठून म्हणाली, "आपल्याच तोंडाने घालवलंस." त्यावर मी तिला पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, तुला माझ्या आजाराची लाज वाटते. आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासत बसली, सगळी स्वच्छ असलेली भांडी.

सोमवारपासून मला स्कूलचे मालक शिकवू लागले. हे गृहस्थ बाजूला बसून डुलक्या काढायचे, त्यांच्या ब्रेकला कधी धक्कासुद्धा लागला नाही. मला हवं तेच मिळालं होतं आणि मला रडू येत होतं. दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक दाराशी आलं की मी मान वर करायचे. फोन उलटा ठेवायचे, मग सुलटा करायचे. मी चिडले होते, पण चिडण्याखाली दुसरंच काही होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्या दिवशी मी रडले नव्हते. घरात कुणालाच रडायची मुभा नव्हती. आता त्या सगळ्याचं रडू चुकीच्या माणसाच्या नावाने येत होतं. अकराव्या दिवशी मी परीक्षा पास झाले, लायसन्सची सोय झाली, आणि ही बातमी ज्याला सांगावीशी वाटली तो नेमका तिथे नव्हता.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. आईने दार उघडलं. तो एकटाच होता. आई त्याला आत ये म्हणेना आणि जा म्हणेना. शेवटी बाबा म्हणाले, "स्वयंपाकघरात बसू, तिथे उजेड बरा आहे." कशाचा कशाला संबंध नव्हता, पण आम्ही सगळे तिथे जाऊन बसलो.

"पास झालीस, मालक म्हणाले," तो म्हणाला.

"दया आली म्हणून आला असशील तर चहा घे आणि जा," मी म्हटलं.

"दया आली असती तर दुसऱ्याच दिवशी आलो असतो. दयेला वेळ लागत नाही." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी वाईट वागलो. फोन करायला हवा होता. पण फोन करून काय बोलणार, तेच मला कळत नव्हतं. मला... वाईट वाटलं गं. खूप. खोटं नाही बोलणार."

मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"माझ्या डोक्यात एक मुलगी होती," तो सांगू लागला. "मोठी झाली की तिला मी गाडी शिकवणार होतो. तिचे पाय पेडलपर्यंत पोचायची वाट बघत होतो मी. वेडेपणा आहे, जन्मलेलीच नव्हती ती. पण ती जायला दहा-अकरा दिवस लागले. तिला तशीच मनात घेऊन तुझ्याकडे आलो असतो, तर कधी ना कधी तुला तिचा हिशेब मागितला असता. म्हणून थांबलो."

बाबांनी डोळ्यांना रुमाल लावला, अगदी उघडपणे. चार वर्षांत या घरात कुणी त्या न झालेल्या मुलाबद्दल वाईट वाटलं असं म्हटलं नव्हतं. ते शेवटी एका परक्या माणसाने म्हटलं. मग मी रडले. टेबलावर डोकं ठेवून, आवाज काढून रडले, आणि टीव्हीचा आवाज वाढवायला कुणी उठलं नाही.

आई जरा वेळाने पुढे सरकली. "तुमच्या आईला सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तिला दुखतं तेव्हा तिच्याजवळ कोण असतं?" तो माझ्याकडे वळला. "मला माहीतच नव्हतं."

मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "कुणी नसतं. मी दाराबाहेर उभी असते. तिचं कण्हणं मला ऐकवत नाही, म्हणून टीव्ही लावते. लाज नाही गं वाटत मला... भीती वाटते."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी आत आणि ती बाहेर, मध्ये फक्त एक दार, आणि मला वाटायचं ती दिवाणखान्यात आहे. मी तिचा हात धरला.

"पुढच्या वेळी मला बोलवशील?" त्याने विचारलं. "मला काही करता येणार नाही, मला ठाऊक आहे. नुसता बसेन. पिशवीतलं पाणी बदलेन."

"मी चिडचिडी होते तेव्हा. घालून-पाडून बोलते."

"मी ड्रायव्हिंग शिकवतो. मला रोज कुणीतरी बोलतंच."

बाबा हसले. मग आई हसली, रडता रडताच. मला खूप काही म्हणायचं होतं. अकरा दिवस मी त्याला सुनवायची भाषणं पाठ केली होती, एकाहून एक झणझणीत. त्यातलं एकही आठवेना.

"आईसमोरच सांगते," मी म्हटलं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. बोलवीन."