काथ्याची गोधडी

ही गोष्ट घडायला अजून बरीच वर्षं आहेत. पण माती तेव्हाही मातीच असेल आणि पाऊस पाऊसच, म्हणून आत्ताच सांगून टाकते.

आधी गवत पेरायचं आणि मग वर काथ्याची जाळी, पेंढा घालून ते झाकायचं! शाल्मलीला हे कोडं काही सुटेना. गवताला ऊन नको? आणि हा उद्योग करत होती कोण, तर तिची कुमुदआत्या, चांगली मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी)!

त्यांच्या कोकणातल्या वाडीच्या डोक्यावरचा उतार गेल्या वर्षी खचला होता. खालचा झरा चिखलात गाडला गेला. सगळ्यांनी खपून तो उपसला खरा, पण पुन्हा बुजला तर वाडी उठवून तालुक्याला जावं लागणार होतं. नुसत्या विचारानंही शाल्मलीला रडू यायचं.

उतारावर कामाला ढेकूळ नावाचा यंत्रमानव होता. सहा पाय, पाठीवर सौरपंख (उन्हापासून वीज बनवणारे रुंद पत्रे). त्याला शेती शिकवली होती वाडीतल्या म्हाताऱ्यांनी. त्या दुपारी आत्या खाली झऱ्यापाशी असताना तो शाल्मलीला म्हणाला, "बाय, पेंढा पसरून वाळलाय. राब भाजतो हां." राब भाजणं म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळणं, कोकणातली जुनी रीत.

"अरे, थांब! मेल्या, थांब!" शाल्मली धावली. पण त्याने काडी लावलीही होती. दोघांनी माती टाकून आग विझवली, तोवर जाळी-पेंढा जळून अंगणाएवढा तुकडा उघडा पडला होता. आत्या धापा टाकत वर आली आणि तेवढ्यात वळवाचे थेंब सुरू झाले.

"ढेकळा, तुझा मंद डोळा लाव," आत्या म्हणाली. मंद डोळा म्हणजे क्षणभराची घटना सावकाश दाखवणारा कॅमेरा. शाल्मली त्याच्या छातीवरच्या पडद्याकडे पाहू लागली.

एक थेंब उघड्या मातीवर आदळला. अगंबाई! मातीत खड्डा पडला, चारी बाजूंनी कण कारंज्यासारखे उंच उडाले आणि उताराच्या खाली जाऊन पडले. शाल्मली पडद्याजवळ सरकली. "एका थेंबात एवढा जोर?"

"ढगातून येतोय तो. असे किती पडतात, बघ. ते कण सुटे करतात आणि वाहतं पाणी ते उचलून नेतं. हीच धूप (माती वाहून जाणं)."

मग दुसरा थेंब दिसला. तो काथ्यावर आपटला, फुटला, आणि त्याचं पाणी दोराला अडून हळूच जमिनीत मुरलं. खालचा एक कणही हलला नाही. शेजारीच जाळीच्या भोकातून सुईएवढं हिरवं टोक वर आलं होतं. शाल्मलीने पडद्यावर त्या टोकाला बोट लावलं.

"मग जाळीच पुरे की! गवत कशाला?"

"जाळी दोन-तीन पावसाळ्यांत कुजते, तिची मातीच होते. तोवर गवताची मुळं खोल जाऊन माती धरतात. पोर चालायला लागेपर्यंत आपण बोट धरतो ना, तेवढंच जाळीचं काम."

पण भाजलेल्या तुकड्यातून तांबडा ओघळ निघाला होता, थेट झऱ्याच्या दिशेने. नवी जाळी कुठून आणायची? शाल्मली ढेकळाच्या रुंद पंखांकडे वळली. मग ओरडली, "ढेकळा, आडवा हो! पंख पसर!"

"बाय, चिखलात?"

"आधी पड, मग बोल!"

ढेकूळ पोटावर पसरला. थेंब त्याच्या पंखांवर ताडताड फुटू लागले. पंखांवरून ओघळणारं पाणी जमिनीला लागेल तिथे दोघींनी पेंढ्याचे भारे दाबले. तांबडा ओघळ बारीक झाला, फिकट झाला, आणि मग हळूहळू थांबला. आनंदाने शाल्मलीने आत्याला गच्च मिठी मारली.

"आत्या, मी किती वेळ पडून राहू?" ढेकळाने केविलवाणं विचारलं.

"नवी जाळी येईपर्यंत. नांगर करून टाकीन, परत आग लावलीस तर!"

तिसऱ्या वर्षी, आत्याबरोबर पलीकडचा बोडका डोंगर झाकायला निघताना, शाल्मली त्या उतारावर जाळी शोधत होती. कुठेच सापडली नाही. मग तिने गवताचा एक झुबका दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून ओढला. तो तसूभरही हलला नाही.