दुसरं चाक

सुगीच्या मेळ्यासाठी माणसं सकाळी नऊपासूनच ग्रामजीवन संग्रहालयाच्या फाटकाशी ताटकळत होती. आत मळणी, लोकर कातणं, टोपल्या विणणं अशी जुनी कामं दर मोसमाला जशीच्या तशी करून दाखवत. शेवटच्या ओळीत, विहिरीशेजारी, लोहाराची भट्टी होती आणि तिच्यासमोर मास्तरीणबाई बाह्या सरसावून उभी होती.

भट्टी तिच्या वडिलांची. ते गेल्यावर संग्रहालयाने ती विटा मोजून उचलली आणि इथे जशीच्या तशी उभी केली. सोबत वडिलांनी अर्धवट सोडलेली दोन चाकांची लाकडी गाडीही आणली. चाकांवर धाव चढवायची तेवढी राहिली होती. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते तापवून फुगवायचं, चाकावर घालायचं आणि वर पाणी ओतायचं, की आक्रसून चाकाला करकचून धरतं. ऐकायला किती सोपं! मास्तरीणबाई तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायची, मिलिमीटरशिवाय बोलायची नाही, आणि तरी मागच्या दोन मेळ्यांत तिची धाव भर गर्दीत चाकावरून खुळखुळत खाली आली होती. दुसऱ्या वेळी कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"तिसऱ्यांदा फजिती नको," व्यवस्थापक म्हणाले होते. "नाही जमलं तर भट्टी बुजवू आणि भिंतीवर फिल्म दाखवू. माझाही नाइलाज आहे."

फिल्म! दहाव्या वर्षापासून जिथे तिने घण उचलला, तिथे म्हणे फिल्म. ती रात्रभर तळमळली होती.

भात्यापाशी आत्या बसली होती. वडिलांची धाकटी बहीण, पंच्याहत्तरीची, यंत्राशिवाय ठार बहिरी. कानातलं यंत्र गर्दीत शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते पर्समध्ये कोंबलं होतं. भावाचा भाता जन्मभर तिनेच ओढला.

"ओठ हलवत मापं पुटपुटू नकोस," आत्या म्हणाली. "लोकांना वाटेल लोखंडाची मनधरणी करतेय."

वडिलांची हत्यारं मागच्या भिंतीशी काचेच्या कपाटात नंबर लावून ठेवली होती. बेचाळीस नंबरची ती लहान हातोडी. वडील तापल्या लोखंडावर त्या हातोडीने टक करून जागा दाखवत आणि त्याच जागी मास्तरीणबाई घण घाली. रिकाम्या ऐरणीवर दोन ठोके म्हणजे थांब. काम पुरतं झालं की ते हातोडी आडवी ठेवत. बाकी असेल तर उभी, डोकं खाली, दांडा वर. त्यावरून आत्या जेवायला हाक मारायची की नाही ते ठरवी. कपाटात ती आडवी होती. किल्ली व्यवस्थापकांच्या खिशात असायची.

मास्तरीणबाईने मापाची चकती पहिल्या चाकाच्या कडेवरून फिरवली. चकतीचे सात फेरे आणि चार बोटं; भट्टीपाशी मोजणी बोटांतच चाले. आक्रसण्याचा हिशेब पुस्तकाप्रमाणे वजा केला, लोखंडी पट्टीवर खडूची रेघ मारली आणि छिन्नी आणायला वळली.

परत आली तर तिच्या रेघेच्या दोन बोटं अलीकडे दुसरी रेघ होती. तिरकी, शेवटाला किंचित वळलेली.

तिने आत्याला खुणेनेच विचारलं, ही तू मारलीस?

"मी कशाला मारू? भाता सोडून हलले तरी का?"

तिने तळव्याने ती रेघ पुसली. पुन्हा माप घेतलं, तेच आलं. पट्टीकडे पाहिलं. पुसलेली रेघ जागच्या जागी होती, आणि खडू तिच्याच खिशात.

तशी तिरकी रेघ वडील मारत, डावखुरे होते म्हणून. पण असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, आणि भीतीपेक्षा तिला राग जास्त आला. दोन बोटं कमी? का म्हणून? ती चाकापाशी उकिडवी बसली. कडेचे लाकडी तुकडे सहा, त्यांचे सांधे सहा. लाकूड वाळून प्रत्येक सांध्यात फट पडली होती. तिने एकेका फटीत मोजपट्टी घालून माप घेतलं आणि बेरीज केली.

बरोबर दोन बोटं.

दोन मेळे ती लाकडाबरोबर हवाही मोजत आली होती. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावी असं तिला वाटलं.

तिने तिरक्या रेघेवर छिन्नी ठेवली.

पट्टी वाकवून तिचं कडं केलं आणि टोकं जुळवायची वेळ आली तेव्हा भट्टीभोवती चार रांगा माणसं होती. संग्रहालयाचा माळी दोन्ही हातांनी सांडशीत कडं धरून उभा राहिला. लोखंड पांढरं झालं. जागा दाखवायला कोणी नव्हतं. तिने घण उचलला.

टक.

ठोका तिच्या डावीकडून आला. पांढऱ्या लोखंडावर नखाएवढा खळगा उमटला.

माळ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात सांडशीवरच होते.

तिने त्या खळग्यावर घण घातला.

टक. घण. टक. घण. भाता त्याच लयीत फुसफुसत होता. तिचे दंड भरून आले, डोळे वाहू लागले, आणि ती चुकली नाही.

सांधा बसला. कडं जाळात लाल झालं. माळ्याने आणि तिने ते उचलून चाकावर टाकलं. लाकडाने पेट घेतला, धूर उठला.

टक, इथे. टक, तिथे.

"पाणी!"

वाफेत काहीच दिसेना. आतून सांधे मिटल्याचे आवाज आले. एक, दोन, सहाही.

मग रिकाम्या ऐरणीवर दोन ठोके पडले.

ती थांबली. भाताही थांबला.

वाफ विरली. तिने चाक उभं केलं आणि अंगणात सोडून दिलं. ते एकदाही न डगमगता गर्दीतून वाट काढत थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत गेलं. माणसं ओरडली, टोप्या उडाल्या. मास्तरीणबाई हसत होती, रडत होती, काळवंडलेल्या हातांनी तोंड पुसत होती. तिला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता.

"भट्टी राहील," व्यवस्थापक टाळ्या वाजवत म्हणाले. "मी लिहून देतो, भट्टी राहील!"

"बापाचं नाव काढलंस गं!" आत्याने तिला मिठी मारली.

"आत्या," तिने आत्याचं तोंड आपल्याकडे वळवून सावकाश विचारलं, "भाता का थांबवलास?"

"दोन ठोके पडले ना," आत्या म्हणाली. यंत्र अजून पर्समध्येच होतं.

दुपारी गर्दी जेवायला पांगली. घण जागेवर ठेवायला ती काचेच्या कपाटावरून गेली. कुलूप लागलेलंच होतं. खालच्या कापडावर वर्षाची धूळ होती आणि धुळीत आडव्या हातोडीचा लख्ख ठसा होता, कुठेही न विसकटलेला.

त्या ठशाच्या मधोमध बेचाळीस नंबरची हातोडी उभी होती.